फुकटचा राखणदार पुरतो का? कोकणातल्या घरी विंडोज डिफेंडर

राखणदार म्हणजे वेशीवरून गाव सांभाळणारं दैवत. त्याची वर्षाची राखण, म्हणजे मानपान, चुकली तर कोकणातलं गाव अस्वस्थ होतं. संगणकाच्या राखणदाराकडे मात्र संगणक विकत आणल्यापासून कुणी ढुंकून पाहिलेलं नसतं. विंडोजबरोबर फुकट येणारा मायक्रोसॉफ्ट डिफेंडर घड्याळाशेजारी ढाल घेऊन बसलेला असतो. ढालीवर पिवळा त्रिकोण आला, लाल फुली आली, तरी माऊस तिकडे वळत नाही. हे परीक्षण त्याचंच. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या साध्या घरात, ४ ते ८ जीबी रॅमच्या, बहुधा जुन्या हार्डडिस्कच्या आणि मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालणाऱ्या संगणकावर स्पायवेअर (हेरगिरी करणारे प्रोग्राम) आणि मालवेअर (कुठलेही घातक प्रोग्राम) रोखायला आणि काढायला तो कितपत उपयोगी पडतो, एवढाच प्रश्न.

निकाल आधीच सांगून टाकू. डिफेंडर पुरतो. बहुतेक घरांना पैसे मोजून दुसरा अँटिव्हायरस घ्यायची गरज नाही. पण तो पुरतो नेट असताना. नेट तुटलं की त्याची नजर अधू होते, आणि नेट तुटणं म्हणजे काय हे जूननंतर कोकणात कुणाला समजावून सांगायला नको. म्हणून त्याला वेळच्या वेळी खाऊ घालणं, दोन-तीन कळा हाताने चालू करणं आणि काही कामं त्याच्या आवाक्याबाहेरची आहेत हे ओळखणं, एवढं घरमालकाला करावं लागतं.

हा काही उपटसुंभ प्रोग्राम नव्हे. डिसेंबर २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टने जायंट नावाची कंपनी घेतली, ती तिच्या स्पायवेअर काढणाऱ्या प्रोग्रामसाठी. २००६ मध्ये तो विंडोज डिफेंडर झाला आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून पूर्ण अँटिव्हायरस. ‘डिफेंडर म्हणजे नावापुरता’ हा समज त्या मधल्या काळातला आहे, पण दुकानदारांच्या तोंडी तो अजून शिल्लक आहे. जर्मनीतल्या एव्ही-टेस्ट संस्थेच्या चाचण्यांत गेली काही वर्षं तो बहुतेक वेळा पैकीच्या पैकी गुण घेतो.

आता त्याची मेख. अनोळखी फाईल दिसली की डिफेंडर तिची खूण मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला पाठवतो आणि ‘ही कोण?’ म्हणून विचारतो. उत्तर काही सेकंदांत येतं. नेट नसेल तर विचारायला कुणी नाही, संगणकातच साठवलेल्या, ओळखीच्या व्हायरसच्या यादीवर भागवावं लागतं. ऑस्ट्रियातल्या एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज या संस्थेच्या चाचण्यांत हा फरक स्पष्ट दिसतो. नेट तोडून तपासलं की डिफेंडर इतर नावाजलेल्या अँटिव्हायरसच्या मागे पडतो, नेट जोडलं की बरोबरीला येतो. पेन ड्राइव्ह लावायचा असेल तर आधी हॉटस्पॉट चालू करा, हे म्हणूनच सांगावं लागतं. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. नेट बंद म्हणजे सुरक्षित असं समजून नेट नसलेल्या संगणकाला बाहेरचा पेन ड्राइव्ह लावतात.

हॉटस्पॉटवाल्यांसाठी आणखी एक खोच आहे. डेटा वाचावा म्हणून वायफायच्या सेटिंगमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू केलेलं असतं. तसं असलं की डिफेंडरची यादी आपोआप उतरेलच असं नाही. ढाल हिरवी दिसते आणि यादी महिन्यापूर्वीची असते. विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये खाली ‘प्रोटेक्शन अपडेट्स’ आहे, तिथे यादीची तारीख दिसते. ती दोन-तीन दिवसांपेक्षा जुनी असेल तर ‘चेक फॉर अपडेट्स’ स्वतः दाबा. घरी रेंजच नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर डिफेंडरची पूर्ण यादी एका फाईलमध्ये मिळते. तिचं नाव एमपीएएम, पुढे छोटी रेघ आणि एफई. शंभर एमबीहून मोठी आहे. तालुक्याला नेट बरं असेल तिथे उतरवून पेन ड्राइव्हवर आणायची आणि डबल-क्लिक करायची. पडद्यावर काही दिसत नाही, ती गुपचूप काम करते. झालं की तारीख बदललेली दिसते.

गणपतीला उघडणाऱ्या घरांचं प्रकरण वेगळंच. मे अखेरीस कुलूप, चतुर्थीच्या आदल्या दिवशी उघड. तीन महिने प्लगमधून काढून ठेवलेल्या डेस्कटॉपच्या बोर्डावरची गोल बटण-बॅटरी, सीआर २०३२, जुनी असेल तर मधल्या काळात संपते आणि संगणक चालू झाल्यावर तारीख भलत्याच वर्षाची दाखवतो. तारीख चुकली की संकेतस्थळांची प्रमाणपत्रं जुळत नाहीत. प्रत्येक पानावर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असा इशारा येतो, डिफेंडरची यादी उतरत नाही आणि घरभर बोंब होते की व्हायरस आला. व्हायरस नसतो. तारीख-वेळ दुरुस्त करा, बॅटरी बदला. ती घड्याळजीकडेही मिळते आणि पेटी उघडून बदलायला दहा मिनिटं लागतात. मग पहिला तासभर संगणक तसाच नेटवर सोडून द्या. यादी उतरू दे, विंडोजचे अपडेट लागू दे, एकदा रीस्टार्ट होऊ दे. मुंबईहून आलेल्या पोरांचे गाण्यांचे आणि आरत्यांचे पेन ड्राइव्ह त्यानंतर.

कळा कोणत्या? रिअल-टाइम, क्लाउड-डिलिव्हर्ड आणि टॅम्पर प्रोटेक्शन या तिन्ही सहसा चालूच असतात. तरी ‘मॅनेज सेटिंग्ज’मध्ये जाऊन एकदा बघा. टॅम्पर प्रोटेक्शन महत्त्वाचं, कारण मालवेअर घरात शिरल्यावर पहिला हात राखणदाराच्या गळ्यालाच घालतो. मग ‘अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल’मध्ये ‘रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन’ उघडा. तिथे ‘पोटेन्शियली अनवाँटेड अ‍ॅप ब्लॉकिंग’ नावाची कळ आहे, तिच्या दोन्ही चौकटींत खूण हवी. टूलबार, फसवे क्लीनर, ड्रायव्हर अपडेटर, होमपेज पळवणारे प्रोग्राम यांना कायद्याच्या भाषेत व्हायरस म्हणता येत नाही, म्हणून साधा बंदोबस्त त्यांना हात लावत नाही. घरगुती संगणकावरचा निम्मा कचरा मात्र याच जातीचा. २०२० मध्ये ही कळ विंडोज १० च्या सेटिंगमध्ये आली, तरी कित्येक घरांत ती आजही बंद सापडते.

त्याच मॅनेज सेटिंग्जच्या पानावर तळाशी ‘एक्सक्लूजन्स’ आहे. या पानाकडे कुणाचंच लक्ष जात नाही, आणि खरी मेख बहुतेक वेळा तिथेच मारलेली असते. डिफेंडरने कुठे बघायचं नाही त्याची ही यादी. बाजारात फॉरमॅट मारून आणलेल्या संगणकावर क्रॅक केलेलं ऑफिस किंवा विंडोज-ऑफिस परवान्याशिवाय चालू करणारं केएमएसवालं अ‍ॅक्टिवेटर टाकलेलं असतं. डिफेंडर ते पकडतो, म्हणून टाकणारा आधी एक्सक्लूजन घालतो. कधी एक फाईल, कधी अख्खा सी ड्राइव्ह. अख्खा सी ड्राइव्ह वगळला असेल तर राखणदार वेशीवर बसलेला आहे आणि वेस काढून नेलेली आहे. चांगल्या घरगुती संगणकावर ही यादी रिकामी असते. जे असेल ते काढून टाका, मग क्विक स्कॅन लावा आणि बाहेर काय पडतं ते बघा.

क्रॅकचा मोह आपल्याकडे दोन कारणांनी होतो, ऑफिस आणि मराठी टायपिंग. पहिल्यासाठी लिब्रेऑफिस फुकट आहे. दुसऱ्यासाठी चोरीच्या टायपिंग सॉफ्टवेअरची गरज २०१९ पासून संपली आहे. त्या वर्षीच्या विंडोज १० अपडेटपासून मराठीचा फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच आहे. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा, कीबोर्डमध्ये फोनेटिक निवडा, संपलं. जुन्या फाँटमधल्या पत्रिका छापणाऱ्यांची अडचण खरी आहे, पण ती छापखान्याची अडचण. घरातल्या संगणकावर ती ओढून आणायचं कारण नाही.

डिफेंडर जागा आहे की नाही, याची परीक्षा घ्यायची असेल तर आयकार संस्थेची ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी-फाईल त्यांच्या संकेतस्थळावर मिळते. ती उतरवायला घेतली की डिफेंडरने क्षणात हरकत घेतली पाहिजे. शांत बसला तर वरच्या कळा आणि एक्सक्लूजन पुन्हा तपासा.

पेन ड्राइव्ह हा कोकणातला मालवेअरचा राजमार्ग. सातबारा, आठ-अ, परीक्षेचा फॉर्म, आंब्याच्या पेटीची लेबलं, सगळं छापायला झेरॉक्सच्या दुकानात जातं. तिथल्या संगणकाला दिवसभरात पन्नास पेन ड्राइव्ह लागतात. घरी आल्यावर ड्राइव्ह उघडला की फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसतात, प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात छोटा बाण. खरी फोल्डरं गेलेली नसतात. मालवेअर त्यांना लपवतं आणि त्याच नावाचा शॉर्टकट ठेवतं. शॉर्टकट दाबला की आधी त्याची स्क्रिप्ट चालते आणि मग खरं फोल्डरही उघडतं, त्यामुळे माणसाला संशय येत नाही आणि संगणकाला लागण होते. ‘पेन ड्राइव्ह लावल्या लावल्या आपोआप व्हायरस येतो’ ही जुनी गोष्ट झाली. फेब्रुवारी २०११ च्या अपडेटने जुन्या विंडोजवरचाही तो ऑटोरनचा दरवाजा बंद केला. आता दाबणारं बोट लागतं. म्हणूनच पेन ड्राइव्हला ‘लस’ टोचणारे फुकट प्रोग्राम उतरवण्यात अर्थ उरलेला नाही.

इथे डिफेंडरबद्दल एक तक्रार. नावाने ‘फुल स्कॅन’ असला तरी तो मुळात पेन ड्राइव्ह तपासत नाही, काढता येणारे ड्राइव्ह त्यातून वगळलेले असतात. फाईल उघडताना तो बघतो हे खरं, पण पूर्ण ड्राइव्ह आधीच तपासायचा असेल तर ‘धिस पीसी’मध्ये ड्राइव्हवर राइट-क्लिक करून ‘स्कॅन विथ मायक्रोसॉफ्ट डिफेंडर’ म्हणावं लागतं. विंडोज ११ वर ते कधी ‘शो मोअर ऑप्शन्स’च्या आत दडलेलं असतं. एवढ्या रोजच्या कामासाठी एवढा आडवळणाचा रस्ता, हे बरं नाही.

तपासून झाल्यावर डिफेंडर शॉर्टकट आणि स्क्रिप्ट उडवतो, पण लपवलेली फोल्डरं तो परत दाखवत नाही. ड्राइव्ह रिकामा दिसतो. मग घाबरून फॉरमॅट मारू नका. स्टार्टमध्ये सीएमडी लिहून काळी खिडकी उघडा. ड्राइव्हचं अक्षर ई असेल तर ई आणि कोलन (:) लिहून एंटर. मग अ‍ॅट्रिब हा शब्द, जागा सोडून वजा-एच, वजा-आर, वजा-एस, नंतर तिरकी रेघ-एस, तिरकी रेघ-डी. सगळं इंग्रजी अक्षरांत आणि प्रत्येकामध्ये एक जागा. एच म्हणजे लपलेलं, आर म्हणजे फक्त वाचण्यापुरतं, एस म्हणजे सिस्टिमचं. वजा म्हणजे ते शिक्के काढा. फोल्डरं परत दिसतात. कधी एक बिननावाचं फोल्डर दिसतं, सगळा माल त्यात असतो. आपली कागदपत्रं आणि फोटो तेवढे संगणकावर घ्या, ईएक्सई, व्हीबीएस किंवा एलएनके अशा शेपटाच्या फाईली घेऊ नका, आणि ड्राइव्ह फॉरमॅट करा. शेपूट दिसत नसेल तर फाईल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘फाईल नेम एक्स्टेन्शन्स’ चालू करा. ही खूण घरातल्या प्रत्येक संगणकावर कायम हवी. ‘लग्नपत्रिका.पीडीएफ’ दिसणाऱ्या फाईलचं खरं नाव ‘लग्नपत्रिका.पीडीएफ.ईएक्सई’ असतं, आणि विंडोज ते शेवटचं शेपूट मुळात लपवून ठेवतं.

दुकानासाठी वेगळा, छोटा, रिकामा पेन ड्राइव्ह ठेवा, त्यात फक्त छापायची पीडीएफ. आला की तपासा नाहीतर सरळ फॉरमॅट करा. दुकानदार मेलवर पीडीएफ घेत असेल तर तेही नको.

आता समजा शिरलंच. जाहिरातींच्या खिडक्या उघडतायत, ब्राउझरचं शोधयंत्र बदललंय, पंखा रात्रंदिवस घुमतोय किंवा डिफेंडर चालूच होत नाही. इथे क्रम चुकला की मेहनत वाया जाते. आधी नेट तोडा, माल बाहेर जायचा थांबतो. सेटिंग्जमध्ये ‘इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स’ तारखेप्रमाणे लावा आणि त्रास सुरू झाला त्या दिवशी जे नको ते आलं असेल ते काढा. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर असे दूरून हाताळायचे प्रोग्राम तुम्ही स्वतः टाकलेले नसतील तर तेही. एक्सक्लूजन्स रिकामी करा. मग ‘स्कॅन ऑप्शन्स’मधला ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर अँटिव्हायरस (ऑफलाइन स्कॅन)’ निवडा.

डिफेंडरमधलं सगळ्यात गुणी हत्यार हेच. संगणक रीस्टार्ट होतो आणि विंडोज चालू व्हायच्या आधीच तपासणी करतो. मालवेअर तेव्हा झोपलेलं असतं, त्याला लपता येत नाही की प्रतिकार करता येत नाही. साधारण १५ मिनिटं लागतात, जुन्या हार्डडिस्कवर जास्त. इन्व्हर्टर नसलेल्या घरात वीज कधी जाते याचा अंदाज घेऊनच लावा. झाल्यावर विंडोज आपोआप चालू होतं आणि पडद्यावर निकाल काहीच दिसत नाही, त्यामुळे ‘काही झालंच नाही’ असं वाटतं. निकाल ‘प्रोटेक्शन हिस्टरी’त असतो. फुल स्कॅनचा हट्ट मात्र धरू नका. हार्डडिस्कवर तो तासन्‌तास चालतो, ४ जीबीचं यंत्र तेवढा वेळ गोगलगाय होतं, आणि जिवंत मालवेअर ज्या जागी राहतं त्या जागा क्विक स्कॅनमध्ये येतातच.

मग नेट जोडा, यादी ताजी करा आणि दुसऱ्या डॉक्टरला विचारा. इथे निवड महत्त्वाची. मायक्रोसॉफ्टचाच ‘सेफ्टी स्कॅनर’ बरेच जण सुचवतात, पण त्याची यादी डिफेंडरचीच, म्हणजे तोच डॉक्टर दुसरा कोट घालून आला. शिवाय तो उतरवल्यापासून १० दिवसांत बाद होतो आणि पुन्हा पूर्ण उतरवावा लागतो. डिफेंडर मोडून पडला असेल तेव्हाच त्याचा उपयोग. मालवेअरबाइट्सचा अ‍ॅडव्‌क्लीनर आकाराने अगदी लहान आहे, बसवावा लागत नाही आणि टूलबार-जाहिरातींच्या जातीवर त्याच्याइतकी झटपट झाडू दुसरी नाही. हॉटस्पॉटवाल्यांनी आधी हाच घ्यावा. काढण्याआधी यादी वाचा, संगणक कंपनीने स्वतः टाकलेले प्रोग्रामही तो दाखवतो.

पूर्ण मालवेअरबाइट्स मोठा आहे. फुकट आवृत्ती फक्त सांगितल्यावर तपासते, पण बसवल्यावर १४ दिवसांची पैशाच्या आवृत्तीची चाचणी मागे लागते आणि त्या काळात तो विंडोजकडे स्वतःची अँटिव्हायरस म्हणून नोंद करून डिफेंडरला बाजूला बसवू शकतो. त्याच्या सेटिंगमध्ये ‘विंडोज सिक्युरिटी सेंटरमध्ये नेहमी नोंद करा’ अशा अर्थाची कळ आहे, ती बंद ठेवा. एका दारावर दोन कुत्रे बांधले की ते चोराआधी एकमेकांवर भुंकतात. नेटच नसलेल्या घरासाठी एम्सिसॉफ्टचा इमर्जन्सी किट बरा. बसवायचा नाही, दुसरीकडे यादी ताजी करून पेन ड्राइव्हवर आणता येतो आणि घरगुती वापराला फुकट आहे. सरकारी मदत हवी असेल तर सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेने २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर बॉट, म्हणजे चोर दूरून राबवतात ते मालवेअर, काढणारी फुकट साधनं आहेत, त्यांत पुण्याच्या क्विक हीलचंही आहे. ठरावीक कामापुरती ठीक, रोजच्या पहाऱ्याला नव्हेत.

तपासण्या स्वच्छ आल्या तरी रीस्टार्टनंतर त्रास परत येत असेल तर मूळ जमिनीत राहिलंय. मायक्रोसॉफ्टचा ऑटोरन्स हा छोटा प्रोग्राम संगणक चालू होताना जे जे उठतं ते सगळं दाखवतो. ‘ऑप्शन्स’मध्ये मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवा आणि व्हायरसटोटल, म्हणजे एकदम अनेक अँटिव्हायरसना विचारणाऱ्या संकेतस्थळाची तपासणी चालू करा. गुलाबी ओळी म्हणजे सही नसलेला प्रकाशक, पिवळ्या म्हणजे फाईलच सापडत नाही. गुलाबी म्हणजे गुन्हेगार असं नाही, प्रिंटरचा जुना प्रोग्रामही गुलाबी असू शकतो. सरळ पुसू नका, आधी खूण काढा, रीस्टार्ट करून बघा. शेड्यूल्ड टास्कमध्ये डब्ल्यूस्क्रिप्ट किंवा पॉवरशेलने (विंडोजची स्क्रिप्ट चालवणारी साधनं) अनोळखी फाईल चालवणारी नोंद दिसली तर तेच मूळ.

ब्राउझरचं दुखणं बहुतेकदा मालवेअर नसतंच. ‘तुमचा अँटिव्हायरस संपला, ५ व्हायरस सापडले’ अशा खाली उजवीकडे उगवणाऱ्या चिठ्ठ्या म्हणजे एखाद्या संकेतस्थळाला दिलेली नोटिफिकेशनची परवानगी. कोणताही स्कॅनर त्या काढणार नाही. क्रोमच्या ‘साइट सेटिंग्ज’मध्ये ‘नोटिफिकेशन्स’ उघडून अनोळखी नावं काढली की दोन मिनिटांत शांतता. क्रोमच्या मेनूच्या तळाशी ‘तुमच्या संस्थेकडून व्यवस्थापित’ दिसत असेल आणि संगणक ऑफिसचा नसेल, तर कुणीतरी विंडोजच्या नोंदवहीत धोरण घुसवलंय, किंवा बसवलेल्या एखाद्या अँटिव्हायरसनेच ते केलंय. पत्त्याच्या जागी क्रोम, कोलन (:), दोन तिरक्या रेघा (//) आणि पॉलिसी असं इंग्रजी अक्षरांत लिहिलं की काय घुसवलंय ते दिसतं. अ‍ॅडव्‌क्लीनर हेही बऱ्याचदा साफ करतो. जाहिराती रोखायला फायरफॉक्सवर यूब्लॉक ओरिजिन टाका. क्रोममध्ये आता त्याची ‘लाइट’ आवृत्तीच चालते, तीही काहीच नसण्यापेक्षा बरी.

होमस्टेवाल्यांनी मात्र पुढचं लक्ष देऊन वाचावं. मायक्रोसॉफ्टने मार्च २०२५ मध्ये जाहीर केलेल्या एका मोहिमेत चोरांनी बुकिंग डॉट कॉमच्या नावाने राहण्या-जेवण्याच्या धंद्यातल्या लोकांना मेल धाडले होते, आणि लक्ष्य केलेल्या भागांत दक्षिण आशियाही होता. मेलात लिहिलेलं असतं, ‘पाहुण्याची तक्रार आली आहे, बघा.’ दुवा दाबला की ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ असं पान. तिथे सांगतात, विंडोजची कळ आणि आर दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. पानाने आधीच तुमच्या क्लिपबोर्डवर एक आज्ञा ठेवलेली असते, ती तुम्ही स्वतःच्या हाताने चालवता. फाईल उतरवलेली नसते, त्यामुळे इशारा देणाऱ्या अर्ध्या यंत्रणा जाग्याच होत नाहीत. डिफेंडर पुष्कळदा पुढची पायरी पकडतो, नेहमी नाही. कोणतंही खरं संकेतस्थळ विंडोज आणि आर दाबायला सांगत नाही, हे रिसेप्शनवर बसणाऱ्या पोराला पाठ हवं.

अशा वाटेने येतात ते माल चोरणारे, लुमा, रेडलाइनच्या जातीचे. १६ मार्च ते १६ मे २०२५ या दोन महिन्यांत लुमा लागलेले ३,९४,००० हून अधिक विंडोज संगणक मायक्रोसॉफ्टला सापडले होते. हे काही मिनिटांत ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड आणि कुकीज उचलतात. कुकी म्हणजे लॉगिन झाल्याची पावती. ती चोराकडे गेली की त्याला ना पासवर्ड लागतो ना ओटीपी. डिफेंडरने नंतर चोर पकडला तरी माल गेलेला असतो. म्हणून सफाईनंतर दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून, म्हणजे फोनवरून, मेलचा पासवर्ड आधी बदला, ‘सगळीकडून साइन आउट’ करा, मग बँक, मग बुकिंगची खाती. लागलेल्या संगणकावरून पासवर्ड बदलणं म्हणजे नवी किल्ली चोराच्याच हातात देणं. पैसे गेले असतील तर लगेच सायबर गुन्ह्यांच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त.

रॅन्समवेअर, म्हणजे फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारे प्रोग्राम, त्यांच्याबाबत डिफेंडर अर्धवट. ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ ही कळ त्याच्याकडे २०१७ पासून आहे, पण ती मुळात बंद असते. चालू केली की अनोळखी प्रोग्रामला डॉक्युमेंट्स, पिक्चर्स या फोल्डरांत लिहिता येत नाही. त्रास असा की जुना हिशेबाचा किंवा टायपिंगचा प्रोग्रामही अनोळखी ठरतो आणि फाईल सेव्ह होत नाही. मग ‘अलाऊ अ‍ॅन अ‍ॅप’मधून त्याला एकदा परवाना द्यावा लागतो. तेवढा त्रास सोसून ही कळ चालू ठेवण्यासारखी आहे. क्रॅकमधून येणाऱ्या स्टॉप-डीजेव्हीयू या रॅन्समवेअरने घरगुती लोकांना सगळ्यात जास्त नाडलं. ९८० डॉलर मागायचं आणि ७२ तासांत दिले तर निम्मे. एम्सिसॉफ्टने ऑक्टोबर २०१९ मध्ये त्याच्या १४८ प्रकारांसाठी फुकट चावी काढली, पण नंतरच्या प्रकारांत ती क्वचितच चालते. बॅकअपला पर्याय नाही. आगोटीत सुकी मासळी, पापड, लाकूडफाटा भरून ठेवतात तसा मिरगाआधी एका बाहेरच्या डिस्कवर फोटो आणि कागदपत्रांचा बॅकअप घ्या, आणि डिस्क संगणकापासून काढून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. लावून ठेवलेली डिस्कही रॅन्समवेअर कुलूपबंद करतं, आणि विजेचा लोळ पडला तर दोन्ही एकदम जातात.

पैशाचा अँटिव्हायरस कुणी घ्यावा? ज्या घरात आठवड्यातून एकदाच नेट येतं आणि पेन ड्राइव्ह रोज येतात, तिथे त्याची घरातली यादी आणि ड्राइव्ह लावताच तपासायची सवय यांचा उपयोग आहे. शंका विचारायला ओळखीचा विक्रेता हवा असेल तरीही. बाकीच्यांनी ते पैसे एसएसडीत, म्हणजे हार्डडिस्कच्या जागी बसणाऱ्या वेगवान डिस्कमध्ये, घालावेत. डिफेंडरचा खरा दोष, मोठी फाईल कॉपी करताना आणि प्रोग्राम बसवताना यंत्र जड करणं, तो एसएसडीवर जवळपास जाणवेनासा होतो.

डिफेंडर दोन रीस्टार्टनंतरही बंद पडत असेल, किंवा दूरून कुणी संगणक हाताळल्याचा पुरावा असेल, तर साफसफाई पुरे, विंडोज नव्याने टाका. दुसऱ्या स्वच्छ संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने ८ जीबीचा पेन ड्राइव्ह बनवा आणि बसवताना विंडोजच्या डिस्कवरचे जुने भाग पुसा. आधी डेटा काढून घ्या, आणि डी ड्राइव्ह त्याच डिस्कवर असेल तर तोही जातो हे लक्षात ठेवा. लॅपटॉपची डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या कुलपाने, बंद असेल तर ४८ अंकी किल्ली तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ती सापडल्याशिवाय सेफ मोडच्या वाटेलाही जाऊ नका. दुकानात देणार असाल तर तीन गोष्टी आधी विचारा: विंडोज यंत्राच्या मूळ परवान्याचंच टाकणार ना, अ‍ॅक्टिवेटर वापरणार नाही ना, आणि ऑफिस ‘फुकट’ टाकून देणार असाल तर नको. घरी आणल्यावर पहिलं पान उघडायचं ते एक्सक्लूजन्सचं.

विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. वाढीव अपडेटसाठी नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, ती सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावरून होते. डिफेंडरची यादी मात्र त्यावर ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहणार आहे, म्हणजे राखणदाराची राखण चालू, पण पडलेला गडगा कुणी बांधायचा नाही. आठव्या पिढीच्या आधीच्या बहुतेक इंटेल यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. असं यंत्र फक्त ब्राउझर आणि पत्रांसाठी असेल तर लिनक्स मिंट टाका, त्यात मराठी लिहिता येतं. हिशेबाच्या एखाद्या विंडोज प्रोग्रामसाठीच ठेवायचं असेल तर त्याची नेटची तार काढून ठेवा आणि बँकेचं काम फोनवर करा.